बीन बॅग कुणी मागितली होती?

रातराणी८८: काल इथे एकाने लिहिलं की मिलेनियल्सना ऑफिसात बीन बॅग, टेबल टेनिस आणि रोज कौतुक पाहिजे, निष्ठा नको. वाचून डोकंच उठलं. अहो, १९८१ ते १९९६ मधे जन्मलेली माणसं आज तिशी-चाळिशीत आहेत, घरी पोरं आहेत, आईवडील थकलेत. मी २००८ च्या मंदीत नोकरीला लागले आणि महिन्याभरात शेजारची खुर्ची रिकामी झाली, त्या माणसाचा कप आठवडाभर टेबलावर तसाच, कुणी उचललापण नाही. निष्ठा आधी कुणी मोडली? मला एवढंच हवंय की काम कशासाठी करतोय ते कळावं, चुकलं तर चारचौघांत पाणउतारा नको, आणि वर्षातून एकदा अप्रेझलला सांगण्यापेक्षा चुकतंय तेव्हाच सांगा.

जुनाजाणता: मंदी आम्हीपण बघितली. एकाच ठिकाणी २६ वर्षं काढली, बोलणी खाऊन शिकलो. आता जरा आवाज चढला की लगेच टॉक्सिक. एका पोराला हाताला धरून सगळं शिकवलं, दहाव्या महिन्यात राजीनामा, तोही मेलवर. लागतं हो मनाला. वर्षाला नोकऱ्या बदलता तुम्ही.

आकडेवाला: हे पालुपद बंद करा. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१७ मधे अमेरिकेचे सरकारी आकडे मांडलेत. २०१६ मधे नोकरीतले ६३.४ टक्के मिलेनियल्स एकाच मालकाकडे निदान १३ महिने टिकलेले, २००० साली त्याच वयाची आधीची पिढी ५९.९ टक्के. तरुणपणी सगळेच बदलतात.

जुनाजाणता: अमेरिकेचं राहू दे, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

टीमलीड: खरं दुखणं वेगळंच आहे, रात्रीचे मेसेज. "घाई नाही, फक्त बघून ठेव." घाई नाही तर साडेदहाला कशाला? फ्रान्समधे २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावीच लागतात.

जुनाजाणता: मीपण टाकतो रात्री, विसरू नये म्हणून. लगेच उत्तर द्या असं कुठे म्हणतो?

टीमलीड: म्हणत नाही, पण सकाळच्या मीटिंगमधे रात्री उत्तर देणाऱ्याचंच नाव घेतलं जातं, बाकीचे काय ते समजतात. माझे वडील ॲडमिट होते तेव्हा मी कॉरिडॉरमधे उभा राहून एक्सेल शीट दुरुस्त करत होतो, तेवढ्यात डॉक्टर राउंड घेऊन गेलेपण. चार प्रश्न कागदावर लिहून नेले होते, तो कागद खिशातच राहिला.

शिफ्टवाली: तुम्ही सगळे लॅपटॉपवाले. आमचा रोस्टर आदल्या रात्री बदलतो, पोराच्या शाळेत येते सांगितलेलं असतं आणि ड्युटी लागते. कल्चर-बिल्चर सोडा, रोस्टर आठ दिवस आधी लावा आणि मग त्याला हात लावू नका, आम्ही कुठे जात नाही.

जुनाजाणता: वडिलांचं वाचलं. तेव्हा कुणी मेसेज करायला नको होता, एवढं मान्य. सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवता येतो म्हणे, बघतो. पण राजीनामा समोर येऊन द्यावा, हे मी सोडणार नाही.

रातराणी८८: तो समोर का आला नाही, विचारलंत कधी त्याला?

जुनाजाणता: नाही विचारलं. राग आला होता तेव्हा.