सातवीसाठी कला, संस्कृती आणि पैशाचा हिशेब एकत्र: मेळाव्यापलीकडे काय करता येईल?

माडाखालची_शाळा
सावंतवाडी तालुका, जिल्हा परिषद शाळा, सातवी, पट २४. ३५ मिनिटांच्या सहा तासिका मिळतील, खर्चाला फार तर ₹१,०००. कला, इथली संस्कृती आणि पैशाचे व्यवहार तिन्ही एकत्र येतील असं काही सुचवा. बाल आनंद मेळावा दरवर्षी होतोच, पण भेळ-वडापाव घरून तयार होऊन येतो आणि शेवटी ‘किती जमले?’ एवढाच हिशेब उरतो. वारली नको, ती पालघरकडची, शिवाय आमच्या भिंती आधीच भरल्यात. नफा-तोटा सहावीत झालाय, सरळव्याज यंदा आहे.

चितारआळी
सावंतवाडीत बसून दुसरं काय शोधताय? गंजिफा करा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे रंग (म्हणजे पत्त्यांचे गट, दर अवताराचा एक) १०, प्रत्येक रंगात १२ पानं (राजा, प्रधान आणि १ ते १०), म्हणजे १२० पानं. तुमचा पट २४, म्हणजे प्रत्येकाला बरोबर ५.

पैशाचा धडा कागद कापतानाच सुरू होतो. मोठा कार्डशीट ५६ × ७१ सेंमीचा येतो. पान ६ सेंमी व्यासाचं, त्याला ६.५ सेंमी जागा धरा. सरळ ओळींत आखलं तर ८ × १० म्हणजे ८० पानं बसतात. मधाच्या पोळ्यासारखी, म्हणजे एक ओळ अर्ध्या पानानं सरकवून आखली तर ओळींमधलं अंतर ५.६ सेंमीवर येतं, १२ ओळी बसतात आणि पानं होतात ९६. गंमत अशी की एका संचाला दोन्ही पद्धतींत २ कागदच लागतात, त्यामुळे मुलं म्हणणार ‘मग उपयोग काय?’ तेव्हा ३ संचांचं गणित घाला: ३६० पानांना सरळ आखणीत ५ कागद, पोळ्यात ४. आधी रद्दीवर आखून बघू द्या. सूत्र फळ्यावर लिहून दिलंत तर मजा गेली.

अस्तराला, म्हणजे रंगाआधी पानावर द्यायच्या थराला, चिंचोक्याची खळ. १०० ग्रॅम चिंचोके साल तडकेपर्यंत भाजा, रात्रभर भिजवा, साल काढून बारीक वाटा आणि दहापट पाण्यात मंद आंचेवर सतत ढवळत शिजवा. खळ पारदर्शक होऊन उलथन्यावरून तार धरून पडली की झाली. गार झाल्यावर खडूची पूड घाला, दाटपणा ताकाइतका. जुने कारागीर किडीसाठी मोरचूद घालत, तो विषारी, शाळेत नको. खळ एका दिवसापुरतीच करा, पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारते.

आधी पानं कापा, मग अस्तर द्या. उलट केलंत तर कात्रीखाली कडेचा खडू उडतो. कापताना कागद फिरवायचा, कात्री नाही. अस्तर पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावला तर खडू रंगात मिसळतो आणि लाल रंगाचा गुलाबी होतो.

चिन्हं मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू अशी. सातच्या पानावर सात मासे, म्हणजे सातही सारख्या मापाचे हवेत. मुलं पहिला मासा भला मोठा काढतात आणि सातव्याला जागाच उरत नाही. आधी पेन्सिलीनं सात ठिपके ठेवायला लावा.

लारी_शिवराई
गंजिफा उत्तमच. पण पैसा म्हणजे मुळात काय, हेही हाताला कळायला हवं, म्हणून त्याआधी एक तासिका लारी या जुन्या नाण्याला द्या. सोळाव्या-सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावरच्या व्यापारात लारी चालायची: चांदीची तार मधोमध दुमडायची, ठोकून चपटी करायची, वर शिक्का. केसांच्या पिनेसारखं दिसणारं नाणं. नाव इराणातल्या लार शहरावरून.

हार्डवेअरच्या दुकानातून २ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनिअमची तार साडेचार मीटर आणा. १० सेंमीचे ४० तुकडे करा आणि टोकं पॉलिश पेपरवर घासा, नाहीतर बोटं कापतील. तार एकदाच दुमडायची. सरळ करून पुन्हा दुमडली की कडक होऊन तुटते. मग दगडावर ठेवून हातोडीनं चपटी करा आणि स्क्रूच्या डोक्यानं ठसा मारा.

यातल्या २० लाऱ्यांची टोकं मुलांच्या नकळत ५ मिमी कातरून ठेवा. दोन ढीग करून विचारा, खऱ्या कुठल्या? डोळ्याला कळत नाही. एकेक काट्यावर ठेवूनही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला फरक समजत नाही. वीस एकदम ठेवल्या की एक ढीग साधारण १७ ग्रॅम भरतो, दुसरा १६. आता कातरलेले तुकडे टेबलावर मांडा: २० × ५ मिमी = १० सेंमी, आख्खी एक लारी चोराच्या खिशात. सराफ नाणी मोजून का घेत नव्हते, तोलून का घेत, हे आता सांगावं लागत नाही.

उरलेल्या वेळात ₹२० ची नोट खिशातून काढा. मागे वेरूळ आहे, माप ६३ × १२९ मिमी. भाषांच्या चौकटीत १५ भाषा आहेत, त्यात मराठी आणि कोकणी दोन्ही. ₹१०० वर एका ओळीत ‘शंभर’, दुसरीत ‘शंबर’: आपल्या मुलांना हे शोधायला फार आवडतं. वर्गाचं खेळातलं चलन रंगवायचं असेल तर खुशाल रंगवा, पण आकार आणि चित्रं स्वतःची. खऱ्या नोटेची झेरॉक्स काढू नका, नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे.

रोजकीर्द
दोघांचंही पटलं, पण मजुरी कुणीच धरली नाही. शाळेतल्या सगळ्या उपक्रमांची हीच खोट.

एका रंगात १ ते १० मिळून ५५ चिन्हं, दहा रंगांत ५५०. चिन्हाला २ मिनिटं धरली तर १,१०० मिनिटं. राजा-प्रधानाची २० पानं प्रत्येकी ४० मिनिटं, ८०० झाली. कापणं आणि अस्तर पानामागे ५ मिनिटं, ६००. एकूण २,५०० मिनिटं, म्हणजे ४१ तास ४० मिनिटं. २४ मुलांत वाटलं तर प्रत्येकी सुमारे १०४ मिनिटं, तुमच्या तीन तासिका. (कामं समान वाटा, सगळ्या राजांवर एकाच हुशार मुलीला बसवू नका.)

समजा साहित्य ₹५०० चं आणि मजुरी तासाला ₹५०. मजुरी ₹२,०८३, एकूण ₹२,५८३, पानाला साडेएकवीस रुपये. आता संच ₹६०० ला विकून ‘₹१०० नफा’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा, ₹१,९८३ कुणी भरले? एवढं झालं की सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांच्या किमतीवर घासाघीस करताना जीभ जरा जड होईल.

मिनिटांचा तक्ता मुलांनीच भरावा, काम सुरू करताना आणि संपवताना. आठवून लिहिलेला वेळ नेहमी कमी निघतो. वहीत जमा-खर्च रोजच्या रोज, खाडाखोड नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि खाली नवी नोंद. विक्री झालीच तर कुणाही गुरुजींचा खासगी क्यूआर लावू नका, पुढे निस्तरता येत नाही.

माडाखालची_शाळा
विक्री करणारच नाही, संच वर्गात खेळायला ठेवू. किंमत मात्र पेटीवर लिहू, मजुरीसकट. तीन शंका: ऑगस्टमध्ये पानं वाकतील का? पोस्टर कलर हाताला लागतो, त्याला काय? आणि खेळायचं कसं?

चितारआळी
एकाच बाजूला अस्तर दिलं तर वाकणारच. ती बाजू वाळताना आखडते आणि पानाची वाटी होते. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी द्या, अर्धवट वाळल्यावर रद्दीच्या थरांत घालून वर पुस्तकं ठेवा, रद्दी दुसऱ्या दिवशी बदला. उन्हात टाकू नका, तडे जातात.

पोस्टर कलरवर फेविकॉलचं पाणी (१ ला ३) ब्रशनं लावलंत तर रंग ओघळेल. पहिला हात फवाऱ्यानं, तो वाळला की मग ब्रश. अ‍ॅक्रिलिक घेतलात तर हा व्यापच नाही, पण तुमच्या हजारात बसवायचं तर लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढेच घ्या, बाकीचे मिसळून होतात.

खेळ तिघांचा, प्रत्येकी ४० पानं. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. इथंच मुलं घोळ घालतात, म्हणून पहिला आठवडा दोनच रंग घेऊन खेळवा. पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला, नाहीतर टोके होतात.