दिसायला देखणा ओपन वर्ल्ड गेम सुचवा, पण आत करायला काही असलेला (पीएस४)

अर्धीझोप
नमस्कार मंडळी. आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे सल्ला त्या हिशेबाने देता येईल. वय ३६, मुक्काम नागपुरातलं मानेवाडा, मुलगी पाच वर्षांची. ती झोपली की साडेदहा ते बारा हा दीड तास माझा. मागच्या दिवाळीत बर्डीतून सेकंडहँड पीएस४ स्लिम (टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) घेतला. सध्या बाहेर ४५ डिग्री, आणि घरात कूलर मोठा की पीएस४चा पंखा मोठा अशी आवाजाची शर्यत लागलेली असते.

एका मोठ्या नावाचा ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या नकाशात मोकळं फिरायचा, घेतला होता. नाव टाकत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. दिसायला काय सांगू! पहिला आठवडा मी खेळलोच नाही, कड्यावर उभा राहून सूर्यास्त पाहत बसलो. एकदा झोपलेल्या पोरीला उठवून समुद्र दाखवला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. मग नकाशा उघडला. गोवर आल्यासारखी चिन्हंच चिन्हं. छावणीत जा, चौघांना मारा, पेटी उघडा, पेटीत चामडं. चामड्याने पट्टा सुधारा. पट्टा सुधारला की पुढच्या छावणीत चौघांच्या जागी सहा. ४५ तास झाले, म्हणजे माझ्या ३० रात्री. परवा एका पेटीसमोर उभा होतो आणि मला आठवेचना, ही आधी उघडली होती की नाही. बायको मागून म्हणाली, "ऑफिसात पण दिवसभर याद्यांवर टिकाच मारतोस ना?"

तेव्हापासून बंद आहे. देखणेपणा सोडायचा नाही, पण आत जीव लागेल असं काही हवं. सारखं मरून मरून शिकायचे गेम नकोत, सकाळी आठला घर सोडतो. की दोष माझाच आहे, वय झालं?

तर्रीवाला
रेड डेड रिडेम्प्शन २. इतका विचार काऊन करून राहिला बे?

दगडफोड्या
वय नाही झालं भाऊ. मी पुण्यात एका स्टुडिओत बाहेरच्या कंपन्यांसाठी गेममधले खडक, झाडं, भिंती बनवतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

एक चांगला खडक बनवायला मला चार-पाच दिवस लागतात. पण तो एकदा झाला की फिरवून, उलटा करून, लहानमोठा करून तोच हजार ठिकाणी लावता येतो. वर शेवाळ चढवलं, ऊन तिरकं पाडलं, की कुणाच्या बापाला कळत नाही. झाडांचंही तेच, पाच-सहा जातींत अख्खं जंगल उभं राहतं. पण एक म्हातारी दाराशी उभी आहे, ती काहीतरी सांगते, तू हो म्हटलंस तर एक होतं आणि नाही म्हटलंस तर दुसरं, याला लेखक लागतो, आवाज देणारा लागतो, हालचाली लागतात, सगळं तपासणारा लागतो. आणि ती म्हातारी एकदाच वापरता येते. दुसऱ्या गावात तिलाच उभी केली की तुम्हीच शिव्या घालता.

म्हणून देखावा वाढत गेला आणि मधली जागा छावण्यांनी भरली. मनोऱ्यावर चढा, नकाशा उघडा ही युक्ती २००७च्या पहिल्या असॅसिन्स क्रीडपासून सगळ्यांनी उचलली, कारण ती खडकासारखीच आहे. कुठेही लावता येते.

नुसता आकडा पाहू नका. २०१६च्या नो मॅन्स स्कायमध्ये २चा ६४वा घात इतके ग्रह आहेत. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट करत जायची गोष्ट ऐकली असेल, त्यातलाच आकडा. आला तेव्हा लोक तिसऱ्या-चौथ्या ग्रहावर कंटाळले. नंतर वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन त्यांनी तो सावरला ही वेगळी गोष्ट.

काळी_मारबत
दगडफोड्या, म्हातारी म्हटलीस आणि मला विचर ३ आठवला. त्यावर येतेच. आधी रेड डेडबद्दल, कारण तर्रीवाला भाऊंनी नाव फेकलं आणि पळाले.

रेड डेड २ (२०१८) मधली एकच गोष्ट सांगते. मी घोड्यावरून निघाले होते, काम दुसरंच होतं. रस्त्याच्या कडेला एक जण पाय धरून ओरडत होता, साप चावलेला. औषध द्या, विष चोखून काढा, नाहीतर सरळ निघून जा. मी थांबले, काढलं विष, तो लंगडत गेला. ना टाळ्या, ना यादीवर टिक. खूप दिवसांनी गावात गेले तर बंदुकीच्या दुकानाबाहेर बाकावर तोच बसलेला! हाक मारली, म्हणाला दुकानातलं काय हवं ते घे, पैसे मी देतो. मी बंदूक काय घेतली ते आता आठवत नाही. त्याने ओळखलं ते लक्षात आहे.

अर्धीझोप, मला वाटतं तुला हेच हवंय. कामं किती आहेत याला काही अर्थ नाही. तू काही केलंस त्याची त्या जगाने दखल घेतली का, एवढंच बघ. तुझ्या चामड्याच्या पेटीला तू आलास काय, गेलास काय.

पण दीड तासाच्या हिशेबाने रेड डेड तुला आत्ता देणार नाही. फार संथ आहे. घोड्याला खरारा करा, दाढी वाढली की कापा, शिकार सोलायला अर्धा मिनिट. सुट्टीत खेळायचा गेम आहे तो. बारा वाजेपर्यंत तू अजून कॉफीच करत बसशील.

तुझ्यासाठी विचर ३ (२०१५). यात कामं तुकड्यातुकड्यांची आहेत, एका रात्रीत एक गोष्ट संपते. व्हाईट ऑर्चर्ड म्हणजे सुरुवातीचा भाग सावकाश कर, पुढच्या वेलेन भागाला घाई करू नको. एकच इशारा: पुढे स्केलिगे बेटांभोवती समुद्रात तस्करांच्या पेट्यांची प्रश्नचिन्हं पसरलीत. हात लावू नको. पुन्हा गोवर होईल.

रानफिरस्ता
मला या सगळ्या चर्चेतच गडबड वाटून राहिली. करायला काही हवंच कशाला?

मी दर वर्षी ताडोबाला जातो. पहाटे उठा, जिप्सीत थंडीने कुडकुडा, चार तास धूळ खा. पाच वेळांत वाघ एकदाच दिसला, तोही पाठमोरा. तरी जातोच ना? तिथं कुणी म्हणत नाही की "मोहर्ली गेट छान आहे, पण ॲक्टिव्हिटी कमी."

घोस्ट ऑफ त्सुशिमा घे. १२७४मधलं मंगोलांचं आक्रमण, जपानचं बेट. त्यात कोपऱ्यातला छोटा नकाशाच नाही. कुठे जायचं ते वारा दाखवतो. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सारलं की गवत, पानं सगळी त्या दिशेला वाहतात. तू स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहतच नाहीस, समोर पाहतोस. मधेच कोल्हा भेटतो, त्याच्या मागे गेलं की देवळी. गरम पाण्याच्या झऱ्यात बसायचं, एका जागी हायकू रचायची. मी दोन महिने निम्मा वेळ नुसता फिरलो. बायको म्हणते भाजी आणायला इतकं चालला असतास तर फ्रीज भरला असता.

काळी_मारबत
रानफिरस्ता, ताडोबाची तुलना पटली नाही. तिथे वाघ खरोखर असतो, तुम्ही या न या. त्याला तुमची फिकीर नाही म्हणून तर मजा आहे. गेममधला कोल्हा तुमची वाट बघतच उभा असतो. पाचवा कोल्हा तुम्ही आनंदाने केला असेल. पंचविसावा?

रानफिरस्ता
पंचविसाव्याला जरा टाकलं होतं. मान्य. पण वाऱ्याचं मी सोडत नाही.

खसची_ताटी
निन्टेंडोचा स्विच कन्सोल असता तर झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) म्हटलं असतं. त्यात बनवणाऱ्यांनी गोळा करणाऱ्यांची जी चेष्टा केलीय तिला तोड नाही. जगभर ९०० कोरोक बिया लपवल्यात. सगळ्या शोधल्या की बक्षीस काय? सोनेरी शेणाचा गोळा दिसावा अशी एक वस्तू, जिचा उपयोग शून्य. माझ्या भाच्याने गोळा केल्या. हाव, सगळ्या. बारावीच्या वर्षी.

पण त्यातलं खरं "करणं" वेगळंच आहे. पावसात कडा चढायला गेलं की हात सटकतो. वादळात अंगावर लोखंडी ढाल-तलवार असली की वीज तिच्यावर पडते, म्हणून ती काढून ठेवायची. नाहीतर तीच तलवार शत्रूच्या पायाशी फेकायची. हे काम कुणी दिलेलं नाही, यादीत नाही. आपल्याला सुचतं आणि ते चालतं!

अर्धीझोप
बापरे, जेवून येईपर्यंत इतकं! स्विच नाही आणि घेतला तर घराबाहेर झोपावं लागेल.

मारबत ताई, दखल घेण्याचं जे म्हटलंत ते बरोबर बसलं. त्या पेटीवरून मला नक्की काय खुपत होतं ते सांगता येत नव्हतं. रानफिरस्ता, त्सुशिमा यादीत घेतला. अजून कुणी? लहान असला तरी चालेल.

जुनी_इतवारी
लहानच घ्या. नकाशाचा आकार हे मला कधी न समजलेलं कौतुक आहे. आउटर रिंग रोडवर गाडी काढा, वीस किलोमीटर जाल, काय लक्षात राहतं? इतवारीत दोनशे पावलं चाला. सराफा, धान्याचं पोतं अंगावर येणारा हमाल, गाईला वळसा, आणि कुणीतरी ओळखीचं भेटतंच.

याकुझा ० खेळून पहा, टोकियोतली एक वस्ती आणि ओसाकातली एक, बस. दहा मिनिटांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं. पण प्रत्येक कोपऱ्यावर एक येडपट माणूस त्याची अडचण घेऊन उभा. देखणा मात्र नाही, निऑनचे दिवे आवडत असतील तरच.

दुसरा आउटर वाइल्ड्स (२०१९). इथे पुरी सूर्यमालाच लहानशी आहे. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला. पण मरून मरून शिकायचा तो प्रकार नव्हे, लढाईच नाही. ना चामडं, ना पट्टा, ना लेव्हल. हाती लागतं ते फक्त कळणं. काल जे दार बंद होतं ते आज उघडतं, कारण काल तुम्हाला माहीत नव्हतं. याहून जास्त सांगितलं तर पाप लागेल. कुठेही वाचू नका.

चिंचभवन_एक्सप्रेस
किंगडम कम डिलिव्हरन्स (२०१८) कुणीच म्हटलं नाही? १४०३ सालचा बोहेमिया, नायक लोहाराचा पोरगा. त्याला वाचताच येत नाही! पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात. लेखनिकाकडे जाऊन शिकायचं, मग हळूहळू शब्द जुळायला लागतात. माझी आजी साठीत सही शिकली होती, त्यामुळे मला तो भाग भलताच लागला. गेम किचकट आहे, तलवारबाजी पहिले दहा तास रडवते, जिथे वाटेल तिथे सेव्ह करायला दारूची बाटली लागते. दीड तासवाल्याला नको. तरी सांगून ठेवलं.

तर्रीवाला
आपल्या नागपूरचा ओपन वर्ल्ड कोणी काऊन नाही बनवत? पोळ्याचा दुसरा दिवस, काळी अन् पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठे पुतळे) नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर, अन् तू गर्दीत बडग्याचा पुतळा धरून. मनोरे पाहिजे तं पाण्याच्या टाक्या आहेतच. दगडफोड्या, बनव ना.

दगडफोड्या
टाक्या बनवून देतो. गर्दी कोण बनवणार?

काळी_मारबत
विषयावर या. अर्धीझोप, विचर ३ ची डिस्क माझ्याकडे पडून आहे. त्रिमूर्तीनगरला रविवारी संध्याकाळी या, घेऊन जा. ऊन उतरल्यावर या.

अर्धीझोप
(तीन आठवड्यांनी)

डिस्क घेऊन आलो होतो, वर मारबत ताईंच्या आईंनी कैरीचं पन्हं पाजलं. आता अहवाल. पुढे सुरुवातीच्या एका छोट्या कामाची गोष्ट आहे, खेळायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.

व्हाईट ऑर्चर्डमध्ये एक म्हातारी एका बंद घराचं दार ठोकत उभी. काय हवं? तिचा तवा! उसना दिला होता, परत मिळाला नाही. मी हसलो, म्हटलं आलं, इथेही पोस्टमनचं काम. दार फोडलं, आत गेलो. आत एक जण मरून पडलेला. चुलीत जळके कागद. आणि तवा मात्र घासूनपुसून लख्ख. चुलीवरचा तवा लख्ख कसा? कुणीतरी त्याची काजळी खरवडून शाई केली होती. म्हणजे त्या घरात तव्यावर काही भाजलं जात नव्हतं, काहीतरी लिहिलं जात होतं. तवा म्हातारीला नेऊन दिला. बक्षीस नावालाच.

पण हेडफोन काढला तर बायको मागे बसलेली. कधी आली कळलंच नाही. म्हणाली, "लिहीत काय होता पण तो?" मग दोघं बसून परत त्या घरात गेलो, कागद, मेलेला माणूस, सगळं पुन्हा पाहिलं. साडेबारा झाले. कूलरचं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली तेव्हा उठलो.

आता ती रोज पावणेअकराला विचारते, लावतोस का. तिच्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम झालाय, त्यामुळे वेग निम्म्यावर आलाय. वेलेनमधला जहागीरदार नुकताच भेटला. तिला तो माणूस अजिबात आवडलेला नाही.

काळी_मारबत
आवडणार नाहीच, आणि पुढे अजून गोंधळ होईल तिचा. डिस्क दिवाळीपर्यंत ठेवा.

अर्धीझोप
कुठल्या दिवाळीपर्यंत, ते तेवढं सांगा.