मदत हवी आहे: स्टॅम्पच्या चित्रावर चमकी लावली की सगळं मळकट होतंय

कागदफूल:
शुभेच्छापत्रांवर गुलाबाचा स्टॅम्प मारलाय, फक्त बाह्यरेषांचा. पाकळ्यांवर चमकी लावायची आहे. गोंद लावला की रेषा फिसकटतात आणि वरची चमकी करडी दिसते. शनिवारी कार्डं द्यायची आहेत. कृपया व्हिडिओच्या लिंका देऊ नका, खूप बघून झालेत. त्यांत गोंद लावतात, चमकी भुरभुरतात, कागद झटकला की झालं. मग माझ्याकडेच का होत नाही?

निळी_दौत:
शाई कोणती, गोंद कोणता, कागद कसला, चमकी बारीक की जाड? यांतलं काहीतरी लिहा, म्हणजे सांगता येईल.

कागदफूल:
काळी शाई. नेहमीचा पांढरा गोंद. कागद जाड आहे. चमकी चंदेरी.

निळी_दौत:
रंग कळला, पण प्रकार? डाय इंक (कागदात मुरून लगेच सुकणारी) की पिगमेंट इंक (कागदावर राहून हळू सुकणारी)? पॅडच्या झाकणावर किंवा तळाला लिहिलेलं असतं.

रेवा_काकू:
कागदफूल, तू गोंदाच्या फंदात पडूच नकोस. एम्बॉसिंग कर. चमकी मिसळलेली एम्बॉसिंग पावडर मिळते. ओल्या शाईवर भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत भरायची आणि हीट गनची हवा द्यायची. पावडर वितळून फुगते, रेषा बोटाला लागते. मी कित्येक वर्षं हेच करते आहे. एक कण गळत नाही.

सरळरेष:
काकू, पण त्यांना रेषेवर नाही, पाकळीच्या आत चमकी हवी आहे ना? एम्बॉसिंगने रेषा चमकेल, पाकळी कोरीच राहील.

रेवा_काकू:
रेषाच चमकावी! भरलेल्या पाकळीपेक्षा ती जास्त खुलून दिसते. करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

कागदफूल:
माझ्याकडे हीट गन नाही. हेअर ड्रायर चालेल का? आणि मला पाकळीतच चमकी हवी आहे.

झुळूक:
ड्रायर अजिबात नको. त्याची हवा जोरात असते पण पुरेशी तापत नाही, पावडर वितळायच्या आधीच उडून जाते. हीट गनचं उलट, हवा कमी आणि उष्णता भरपूर. आणि एम्बॉसिंगला डाय इंक चालत नाही. ती कागदावर टेकताच सुकते, पावडर धरणार कशाला? पिगमेंट इंक किंवा खास एम्बॉसिंगची चिकट शाईच लागते.

रेवा_काकू:
डाय इंकवर मी केलेलं आहे. गुळगुळीत चकचकीत कार्डावर ती बराच वेळ ओली राहते, तेवढ्यात पावडर टाकायची.

झुळूक:
चकचकीत कार्डावर एक वेळ जमेल. साध्या मॅट कागदावर नाही. नवशिक्या माणसाला अपवाद सांगून कशाला गोंधळात टाकायचं?

हिरवी_वाट:
चमकी म्हणजे प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे बारीक तुकडे, वर धातूचा मुलामा. हात धुतले, फरशी पुसली की गटारात जाते आणि तिथून पाण्यात. युरोपियन युनियनने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणलेत. सेल्युलोजची चमकी मिळते, निदान ती वापरा. अभ्रकाची पूडसुद्धा सुंदर दिसते आणि ते खनिज आहे.

सरळरेष:
मुद्दा पटतो. अभ्रकाच्या पुडीत बांधणारा घटक आधीच मिसळलेला आहे का ते मात्र बघून घ्यावं लागतं. नसेल तर नुसती ब्रशने लावलेली पूड बोटाला लागत राहते, वरून फिक्सेटिव्ह (रंग पक्का बसवणारा स्प्रे) मारावंच लागतं.

कागदफूल:
मंडळी, शाईचं बोला ना. पॅडवर नुसतं 'वॉटर बेस्ड' लिहिलंय. कार्यालयात शिक्के मारायला वापरतात तसं पॅड आहे.

निळी_दौत:
बहुतेक इथेच घोळ आहे. एक चाचणी करा. पूर्ण सुकलेल्या चित्रावरून ओला ब्रश एकदाच फिरवा. रंग सुटला तर शाई पाण्यात विरघळणारी आहे. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्यामुळे गोंद टेकला की रेषा पुन्हा ओली होते, काळा रंग गोंदात उतरतो आणि सुकताना तोच करडा थर चमकीच्या कणांमधून दिसतो. यात चमकीचा काही दोष नाही. व्हिडिओत बहुधा पाण्याने न सुटणारी शाई असते, ते कोणी मुद्दाम सांगत नाही. तशी शाई आणा, पुन्हा स्टॅम्प मारा, नीट सुकू द्या, मग हाच गोंद चालेल.

मोरपीस:
स्टॅम्प स्वच्छ कसा करायचा तेही सांगते. सॉल्व्हंट शाई (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात बनवलेली) वापरली की साध्या पाण्याने निघत नाही, त्याच शाईसाठीचा क्लीनर लागतो. पारदर्शक फोटोपॉलिमरचा स्टॅम्प असेल तर शाई त्याला चालते का ते आधी तपासा. वापर झाल्या झाल्या पुसून ठेवा आणि उन्हात ठेवू नका, पिवळा पडतो.

कागदफूल:
मोरपीस, धन्यवाद, पण स्टॅम्प ठीक आहे. निळी_दौत, ब्रश फिरवला, रंग लगेच सुटला. पण पुन्हा स्टॅम्प कसा मारू? सगळ्या कार्डांवर मारून झालाय, आतला मजकूरही हाताने लिहून झालाय.

निळी_दौत:
अहो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं!

झुळूक:
मग चारकोलच्या चित्रांवर मारतात तो फिक्सेटिव्ह स्प्रे मारा. लांबून, हलका थर. सुकला की शाई बंद होते, वर गोंद लावा.

निळी_दौत:
आधी रद्दी कागदावर. स्प्रेमध्ये सॉल्व्हंट असतो आणि काही शाया पाण्यापेक्षा त्यात जास्त पसरतात. लिहिलेल्या मजकुरावर तर अजिबात उडू देऊ नका. मी तरी शनिवारच्या तोंडावर हा धोका पत्करणार नाही.

सरळरेष:
स्प्रे नको, नवीन शाईही नको. वेगळ्या कागदावर तोच गुलाब मारा, याच पॅडने. त्यातल्या समोरच्या दोन-तीन पाकळ्या रेषेच्या किंचित आतून कातरा. या तुकड्यांवर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली फिल्म डकवा, वरचा कागद सोला आणि तुकडा चमकीत पालथा दाबा. मग कार्डावरच्या गुलाबावर त्याच जागी चिकटवा. पाणी कुठेच आलं नाही, म्हणजे शाई सुटण्याचा प्रश्नच नाही. पाकळी थोडी उचलून येते, तेही छान दिसतं.

फिल्म वापरताना एक गोष्ट सोडू नका. चमकी टाकल्यावर नुसतं झटकून थांबायचं नाही, कोरड्या बोटाने घासायचं. सुरुवातीला कण उभे-आडवे कसेही चिकटलेले असतात, पृष्ठभाग खरखरीत लागतो आणि चमक विस्कटलेली दिसते. घासत गेलं की कण आडवे होऊन शेजारी शेजारी बसतात, बोटाखालचा खरखरीतपणा जातो आणि तुकडा एकदम लखलखतो. यासाठी चमकी बारीकच हवी. जाड चमकीत मधल्या फटी उघड्या राहतात आणि तिथे नंतर धूळ चिकटते.

रेवा_काकू:
एवढं कातरकाम करण्यापेक्षा एक गन घेऊन टाकली तर जन्माचं काम होईल.

सरळरेष:
काकू, आधीच सुकलेल्या शाईवर गन काय करणार?

मोरपीस:
ज्यांना गोंदच वापरायचा आहे त्यांच्यासाठी: बारीक तोंडाच्या बाटलीने पाकळीच्या मधोमध थेंब ठेवायचा आणि टोकाने रेषेकडे ढकलत न्यायचा, पण रेषेला टेकू द्यायचा नाही. थर पातळ हवा. जाड झाला तर चमकी आत बुडते आणि झळाळी जाते. पाकळी आधी रंगवली असेल तर चंदेरी घेऊ नका, पारदर्शक चमकी घ्या, खालचा रंग वर येतो. मेणाच्या खडूने रंगवलं असेल तर गोंद नीट धरत नाही.

कागदफूल:
सरळरेषच्या पद्धतीने एक कार्ड करून पाहिलं. रेषा काळ्याभोर राहिल्या, पाकळी मस्त चमकते! पण कार्डाच्या मोकळ्या भागावरही चमकीचे कण चिकटून बसलेत, झटकले तरी जात नाहीत. तिथे तर काही चिकट नाहीये.

झुळूक:
स्थिर विद्युत आणि बोटांचा तेलकटपणा. कोरडा मऊ ब्रश फिरवा. हट्टी कण असतील तर कमी चिकट टेप हलक्या हाताने टेकवून उचला, शाईवर मात्र टेप टेकवू नका. उरलेल्या पाकळ्यांना चमकी लावायचं काम कार्डांपासून दूर, घडी घातलेल्या कागदावर करा. घडीतून उरलेली चमकी सरळ डबीत ओतता येते. तुकडा पूर्ण झटकून, ब्रशने साफ करून मगच कार्डाजवळ आणा.

हिरवी_वाट:
आणि डबीत न जाणारी चमकी ओल्या कागदाने टिपून कोरड्या कचऱ्यात टाका, सिंकमध्ये धुऊ नका.

कागदफूल:
ठीक, तसंच करते. पाकिटात घालताना चमकी गळेल का? काही कार्डं पोस्टाने जायची आहेत.

सरळरेष:
घासून बसवलेली फारशी गळत नाही. तरी चमकीवर बटर पेपरचा तुकडा ठेवून कार्ड पाकिटात घाला. जाडी हाताला लागत असेल तर मागे एक साधा पुठ्ठा द्या, म्हणजे पाकळी वाकणार नाही.

रेवा_काकू:
पुढच्या वेळी निदान पिगमेंट इंकचं पॅड घे गं, आणि मला विचार. पावडर कोणती घ्यायची ते सांगते.