भिलावे की गिरी : बिब्ब्याची बी, गोडंबी की आणखी काही?

पारिजात : एका वैदूच्या आठवणी हिंदीतून मराठीत आणते आहे. बाळंतिणीच्या लाडवांत 'भिलावे की गिरी' घातल्याचा उल्लेख आहे. मी 'बिब्ब्याची बी' लिहिलं, संपादकांनी 'गोडंबी' केलं. आमच्या सोलापूरच्या सासूबाई म्हणतात, गोडंबी म्हणजे काजू! काय ठेवू?

वऱ्हाडकन्या : गोडंबीच. 'बिब्ब्याची बी' वाचून कुणी अख्खा बिब्बा कुटून घातला तर? काळं टरफल फोडलं की त्यातलं तेल उडतं, अंगाची आग होते. ते सांभाळून आतला पांढरा गर काढायचा, ती गोडंबी. माझी आजी हाताला राख चोळून बिबे फोडायला बसायची, तरी बोटं भाजायचीच. त्या कष्टाच्या जिनसेला स्वतःचं नाव आहे, ते का पुसायचं?

सीमाभागी : सासूबाई बरोबर आहेत. कन्नडमध्ये गोडंबी म्हणजे काजूच, बेळगावात आमच्या घरीही तेच. काजू पोर्तुगीजांबरोबर आला, बिब्बा इथलाच. जुन्या बीचं नाव नव्या बीला दिलं असावं.

दगडफूल : लॅटिनमध्येही तसंच झालंय. 'अनाकार्डियम' हे नाव आधी बिब्ब्याचं होतं, लिनियसने ते काजूला दिलं. बिब्ब्याच्या वाट्याला 'सेमेकार्पस' आलं, म्हणजे खुणेचं फळ. परीट कपड्यावर बिब्ब्याची खूण करून वर चुना लावायचे, ती कितीही धुतली तरी जात नसे. बिबट्या हा शब्दही यातलाच, माझी खात्री आहे. अंगभर बिब्ब्याच्या खुणा!

शास्त्रीबुवा : बिबट्याचं मूळ संस्कृत 'द्वीपी'त शोधा. आणि मूळ शब्द 'भल्लातक' असताना बिबा, बिबवा, बिब्बा हे अपभ्रंश कशाला? कफाचा असा रोग नाही जो भल्लातक घालवत नाही, असं चरक म्हणतो. ग्रंथात ग्रंथातलाच शब्द हवा.

वऱ्हाडकन्या : शास्त्रीबुवा, बोलणारा वैदू आहे. बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेलाचा थेंब दुधात पाडायचा, हा त्याचा खोकल्यावरचा उपाय. टाचेच्या भेगांनाही तेच तेल. आणि बिब्बा उतला, म्हणजे अंगावर फोड आले, की खोबरं आणि तीळ. भल्लातक कधी 'उततो' का?

शास्त्रीबुवा : शब्द सोडतो, पण एक ऐका. विटेच्या चुऱ्यात घोळून शोधन केल्याशिवाय वैद्य बिब्बा पोटात देत नाहीत. तो थेंब छापाल तिथे तळटीप हवीच.

सीमाभागी : आमच्याकडे बिब्बा 'उठतो', उतत नाही.

दगडफूल : उततोच! दूध उततं तसे फोड वर येतात. 'कामात बिब्बा घालणे' हेही त्या दुधातल्या थेंबावरूनच आलं असणार.

वऱ्हाडकन्या : छे, दुधातला थेंब औषधाचा. तो काम कसा बिघडवेल?

पारिजात : तळटीप देते. पण लाडवांचं पान उद्या छपाईला जातंय. गोडंबी ठेवू ना?

सीमाभागी : 'उठतो'च. आईला विचारून सांगतो.