मदत हवी आहे: 250 वॅट मेटल हॅलाइड बल्बसाठी चोक कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी, ठाण्यात घरी चार फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरलची टाकी) आहे, वर 250 वॅटचा डबल एंडेड 14000 केल्विन बल्ब, आणि त्याचा जुना तांब्याच्या वाइंडिंगचा चोक आता इतका गुणगुणतो की संध्याकाळी टीव्ही बंद केला की तोच ऐकू येतो, परवा उघडून बघितलं तर टर्मिनलवर मिठाची पांढरी खपली धरलेली. अमेरिकेतला मावसभाऊ त्याचा एम80 प्रकारचा मॅग्नेटिक बॅलास्ट (म्हणजे असाच वाइंडिंगचा चोक) द्यायला तयार आहे पण तो 120 व्होल्ट 60 हर्ट्झवाला, आपल्याकडे 230 आणि 50, म्हणून नको म्हटलं. आता इग्नायटर-कॅपॅसिटरसकट नवीन मॅग्नेटिकच घेऊ की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक हलका, तापतो कमी, आवाज नाही हे कळतंय, पण आपल्या दमट हवेत आणि व्होल्टेज वरखाली होताना टिकतो का? आणि त्याच बल्बचा रंग, उजेड किती बदलतो? माझा टॉर्च कोरल दोन वर्षं जिवापाड जपलाय, एकदम बदल झाला तर तो मिटून बसेल याचीच धास्ती आहे. दोन्ही वापरलेल्या कोणीतरी प्लीज सांगा.