सुट्या बाह्या म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा?
कोणीतरी म्हटलंय की लग्नाच्या गाऊनला सुट्या, म्हणजे हव्या तेव्हा काढता येणाऱ्या बाह्या, वरून लावायचा स्कर्ट वगैरे म्हणजे डिझायनरांचा पैसे काढायचा धंदा. मला नाही पटत. माझ्या मावसबहिणीच्या गाऊनच्या बाह्या आतून बारीक बटणं आणि लूप लावून जोडल्या होत्या, विधी झाल्यावर दोन मिनिटांत काढल्या आणि तोच गाऊन घालून ती मोकळेपणाने नाचली, नंतरही दोनदा वापरला. प्रिन्सेस बीअ‍ॅट्रिसनेही 2020 मध्ये आजीचा, म्हणजे राणी एलिझाबेथचा डिझायनर नॉर्मन हार्टनेलने केलेला जुना गाऊन लग्नात घातला, त्याला ऑर्गेन्झाच्या (पातळ, पारदर्शक कापडाच्या) बाह्या नव्याने जोडून!

फक्त शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडलीय ते घेतानाच आतून उलटून बघा, ती नसेल तर पुढे नुसती शिवण उसवून गाऊन सैल करता येत नाही.