ओरिओल्सची पहिली रेकॉर्ड्स: नवीन काही, की इंक स्पॉट्सचीच संथ कॉपी?

तबकडीवाला
ओरिओल्स, म्हणजे बाल्टिमोरचा काळ्या गायकांचा ग्रुप, म्हटलं की जो तो १९५३ च्या 'क्राइंग इन द चॅपल'वर जातो. हिट होतं, मान्य, आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, काळ्यांचं लोकप्रिय संगीत) यादीत एक नंबर, पॉपमध्ये ११. पण माझ्या मते बाल्टिमोरच्या या पोरांनी जे करायचं ते १९४८ ते ५० मध्येच करून ठेवलं, नंतर नुसतं त्याचं व्याज खाल्लं. 'इट्स टू सून टू नो' ऐका. तिचं माझ्यावर प्रेम आहे का, एवढ्यात काय सांगणार, असं त्यांचा मुख्य गायक सनी टिल स्वतःशी पुटपुटल्यासारखा गातो, तालाच्या जरा मागे रेंगाळत, सोबत टॉमी गेथरची गिटार आणि बाकीच्यांचं हळू 'ऊऊ', बस्स. आर अँड बी व्होकल ग्रुपची सुरुवात इथून धरावी. या आता अंगावर :)

खर्जप्रेमी
आलोच. रेव्हन्स कुठे गेले?? न्यूयॉर्कमध्ये १९४६ ला ग्रुप निघाला, १९४७ ला 'ओल मॅन रिव्हर'. बेसवाला, खर्जात गाणारा, म्हणजे मागे उभं राहून धुम धुम करणारा, त्याला जिमी रिक्सने माइकपुढे आणलं. आणि ग्रुपला पक्ष्यांची नावं द्यायची टूम पण त्यांचीच, रेव्हन म्हणजे डोमकावळा. तुमचे ओरिओल्स आधी व्हायब्रानेअर्स होते, मग झाले पक्षी.

तबकडीवाला
ओरिओल हा मेरीलँडचा, म्हणजे बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्याचा, राज्यपक्षी आहे हो, स्वतःच्या गावचं नाव घेतलं तर त्यात उसनं काय? रिक्स थोरच. पण 'ओल मॅन रिव्हर' हे ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकातलं गाणं, ते झुलवून गायलंय, मजा येते, पोटात काही तुटत नाही.

जुनापुराणा
दोघं उगाच भांडताय. त्यांच्या आधीच्या इंक स्पॉट्स या ग्रुपचं १९३९ चं 'इफ आय डिडन्ट केअर' लावा. गिटारची सुरुवात, वर तरंगणारा टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज), मागे गुणगुण, सगळं आहे त्यात. ओरिओल्सनी लय अजून ठाय केली आणि कपडे जरा साधे घातले, एवढाच फरक.

तबकडीवाला
'टू सून'चा मधला भाग ऐकलात का पण? इंक स्पॉट्सकडे हॉपी जोन्स तेच शब्द बोलून दाखवतो, गोड बडबड, 'हनी चाइल्ड' वगैरे. इथे ओरिओल्सचा जॉर्ज नेल्सन जाड्याभरड्या आवाजात मध्येच घुसून गातो, म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यातला दुसरा आवाज जणू, आणि मग टिल परत येतो तेव्हा तो आधीपेक्षा जास्त एकटा वाटतो. मी हे हेडफोनवर पाचसहा वेळा मागेपुढे करून ऐकलंय, बायको म्हणाली गाणं बिघडलंय का.

शंकासुर
पण गाणं लिहिलं डेबोरा चेस्लरने, गोरी ज्यू मुलगी, मॅनेजरही तीच. तरी ही काळ्या रस्त्यावरच्या पोरांची अस्सल वेदना वगैरे म्हणायचं?

तबकडीवाला
अस्सल वेदना मी कुठे म्हटलं? शब्द तिचेच. हेच गाणं तेव्हाच एला फिट्झगेराल्ड आणि डायना वॉशिंग्टननेही गायलं, एकाहून एक आवाज, तरी त्यात ही घालमेल नाही, ती गाण्यात असती तर तिथेही आली असती ना? १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये ते 'रेस', म्हणजे काळ्यांच्या रेकॉर्ड्सच्या, यादीत एक नंबरला गेलं (तेव्हा यादीचं नाव तेच होतं, बिलबोर्ड मासिकाने 'रिदम अँड ब्लूज' केलं १९४९ ला) आणि पॉपमध्ये १३ पर्यंत. त्याच वर्षी आर्थर गॉडफ्रीच्या रेडिओवरच्या टॅलेंट शोमध्ये मात्र ओरिओल्स हरले होते, तेही पियानोवाल्या जॉर्ज शिअरिंगकडून!

जुनापुराणा
बरं, नेल्सनचा मुद्दा घेतला. पण १९४९-५० ची दहा गाणी सलग ऐकून दाखवा. सगळी त्याच चालीने रांगतात. चौथ्याला मला झोप लागली.

तबकडीवाला
हे खरंय. 'टेल मी सो' सोडलं तर मलाही सलग जमत नाही. पण ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी होती, एका बाजूला तीनेक मिनिटं, की उठून पलटायची. सलग दहा तेव्हा कोण ऐकत होतं?

खर्जप्रेमी
नेल्सनची एंट्री ऐकली आत्ता. भारी आहे, लपवत नाही. पण रेव्हन्सचं 'व्हाइट ख्रिसमस' लावा, आधी रिक्सचा खर्ज, मग माइथ मार्शलचा उंच टेनर, आणि १९५४ ला ड्रिफ्टर्स या दुसऱ्या ग्रुपने अख्खी मांडणी उचलली. ओरिओल्सचं कोणी असं उचललं का, सांगा.

तबकडीवाला
सांगतो, जेवून येतो.